झारा उतरवून घेताना

२०१७ सालच्या दसऱ्याला, म्हणजे ३० सप्टेंबरला, आम्ही घरात कॉम्प्युटर आणला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आणि तोही अख्खा. दसऱ्याला वस्तू घेतली की पंचांग उघडावं लागत नाही. कॅबिनेटला झेंडूचा हार घातला, कीबोर्डवर आपट्याचं पान ठेवलं, माउसला हळदकुंकू लावलं. ते त्याच्या चाकात गेलं आणि पुढची दोन वर्षं पान वर सरकवलं की खाली जात असे. औक्षण करता करता हिने विचारलं, "हा किती वर्षं जाईल हो?" घरी जोडून द्यायला आलेला दुकानदार म्हणाला, "काकू, आत सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे. काका जातील, पण हा..." आणि तिथेच थांबला, कारण चेकवर माझी सही व्हायची होती.

पाचच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, इंटेलने डेस्कटॉपसाठी आठव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आणले. मला त्याचा पत्ता नव्हता. असता तरी काय केलं असतं? सोनं लुटून झालं होतं. त्या पाच दिवसांची किंमत कळायला मात्र आठ वर्षं जावी लागली.

विंडोज १० आली २०१५ साली. त्या वेळी कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत सांगितलं होतं की ही शेवटची विंडोज. लहानपणी आई 'हा शेवटचा घास' म्हणून भरवायची, त्या जातीचं ते शेवटचं असावं. कारण २०२१ साली विंडोज ११ आली. तारीख ५ ऑक्टोबर. या ५ ऑक्टोबरचं आणि माझं काय वाकडं आहे, ते मी एकदा एखाद्या ज्योतिषालाच विचारणार आहे. आणि जाहीर झालं की विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त. वसुबारस १७ तारखेला. म्हणजे गाईची पूजा तीन दिवसांवर आली असताना आमची गाय भाकड ठरणार होती.

अकराव्या विंडोजच्या अटी वाचल्या तर वाटतं, मंडळी साधी आहेत. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा, एक गिगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर. माझ्याकडे सगळं याच्या दुप्पट-चौपट. मी हुरळलो. पण लग्नाच्या बैठकीत 'आम्हाला काहीच नको' म्हणणारी माणसं उठता उठता काहीतरी बोलतात, तशा दोन ओळी पुढे होत्या. एक, टीपीएम २.० हवं. दोन, प्रोसेसर मान्य यादीतला हवा.

टीपीएम काय ते मला भाच्याने समजावलं. तो पुण्याला असतो आणि फोनवर शिकवतो. टीपीएम म्हणजे मदरबोर्डावरची, नाहीतर प्रोसेसरच्याच पोटातली, एक बारकी तिजोरी. कुलपांच्या किल्ल्या तिच्यात राहतात. कॉम्प्युटर सुरू होताना मध्येच कोणी ढवळाढवळ केली का, याची नोंदही तिच्यातच होते. चोराने डिस्क उचलून नेली तरी किल्ली घरीच राहते. कल्पना चांगली आहे आणि मला ती झटकन कळली, कारण मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत असल्याची सही करतो. मी काउंटरसमोर उभा असतो, दोन जिने चढून आल्यामुळे धापा टाकत असतो, कारकुनाला नावाने ओळखत असतो. तरी सही लागते, कारण धाप रजिस्टरला चिकटवता येत नाही. टीपीएम म्हणजे कॉम्प्युटरचा हयातीचा दाखला. यंत्र चालतं आहे, हे सगळ्यांना दिसतंय. पण चालण्याला कागद कुठे आहे?

भाच्याने मला फोनवरून बायोसमध्ये शिरायला लावलं. तिथलं वातावरण थेट आमच्या रेकॉर्ड रूमसारखं: निळं, थंड, आणि चुकीचं काही दाबलं तर चौकशी लागेल असं. तिसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत दाखला सापडला! आठ वर्षं तो तिथेच पडून होता. फक्त बंद करून ठेवलेला. अशी हजारो यंत्रं आहेत म्हणे, ज्यांच्या पोटात दाखला आहे पण बटण बंद. आमचं जुनं रेशनकार्डही असंच आहे. मागायला कोणी आलं की सापडत नाही आणि गादी उन्हात टाकली की पायाशी येऊन पडतं.

दाखला चालू केला. तरी काम झालं नाही, कारण दुसऱ्या अटीतली यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीतले प्रोसेसर जवळजवळ सगळे बाहेर. जवळजवळ म्हणतो, कारण काही बडे एक्स-मालिकेतले सरदार मागाहून आत घेतले गेले, आणि त्यांच्याबरोबर एक आय-सेव्हन ७८२०एचक्यू नावाचा लॅपटॉपातला जीवही, तोही ठरावीक यंत्रांत असेल तरच. हाच का, म्हणून मी चौकशी केली. तर तो कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला निघाला. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. साहेबांचा मेहुणा कुठल्याही यादीत बसतो.

दोष मात्र कोणाला देऊ? मुहूर्त माझा होता.

मुदतवाढीची सोय होती. तीस डॉलर भरा, किंवा आपल्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवायला राजी व्हा, की सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळत राहतील. निवृत्तांना अकरा महिन्यांच्या करारावर परत बोलावतात, त्यातलाच हा प्रकार. हिंजवडीतला मुलगा म्हणाला, "बाबा, नवाच घ्या ना." त्याच्या पिढीला बिघडलेली वस्तू टाकता येते, याचं मला आश्चर्य वाटत नाही. चालू असलेली टाकता येते, याचं वाटतं.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो; पण तेही खरं नाही. विंडोज ९५ ला चार एमबी रॅम पुरत असे. अकरावीला चार जीबी लागते, म्हणजे हजारपट. पण त्या काळी ती चार एमबीसुद्धा आमच्या ऑफिसात एकट्या कार्यकारी अभियंत्यांच्या केबिनमध्ये होती. विंडोज ९५ तेरा फ्लॉप्यांवर यायची. ऑफिस कोयनानगरला, तिथल्या पावसात फ्लॉप्यांना बुरशी धरायची. एकेक घालत, एकेक काढत आम्ही जायचो आणि बाराव्याला सगळं थांबलं की तेराव्याचा प्रश्न उरत नसे.

तर १४ तारखेचा मंगळवार. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चाललेला. मी फोन स्पीकरवर टाकलेला, कारण ऐकू कमी येतं. पलीकडून भाचा सांगत होता, "मामा, तुम्ही लिनक्स मिंट टाका. सिनॅमनवाली. लेटेस्ट आहे ती २२.२, झारा."

आतून आवाज आला, "झारे दोन आहेत घरात. एक माझ्या हातात आहे."

"मामी, तो झारा नाही..."

"आणि दालचिनी कशाला हवी आहे? दिवाळीत कोण पुलाव करतंय?"

इथे भाच्याचंही थोडं चुकलं. मिंट म्हणजे पुदिना, सिनॅमन म्हणजे दालचिनी, झारा म्हणजे झारा. चकल्या तळत असलेल्या बाईला हे तीन शब्द एकापाठोपाठ ऐकवले तर ती त्यातून ऑपरेटिंग सिस्टिम काढेल, ही अपेक्षाच चूक. मी सावरायला गेलो, "अगं, मी झारा उतरवून घेतोय फक्त." त्यावर ही दारात आली. हातातल्या झाऱ्यातून तेल निथळत होतं. "कढई उतरवतात," ती म्हणाली, "झारा नाही." आणि परत गेली.

या नावांमागे एक परंपरा आहे. २००६ साली क्लेमाँ लफेव्र नावाच्या फ्रेंच गृहस्थाने हा पुदिना लावला. पहिल्या आवृत्तीचं नाव ॲडा. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला एका बाईचं नाव, आणि अक्षरक्रमाने पुढे जायचं. बाविसावी विल्मा, मग शिया, मग सप्टेंबर २०२५ मध्ये ही झारा. त्यांची मुळाक्षरं संपत आली. आम्हाला विचारलं असतं तर आमच्याकडे अजून ळ, क्ष आणि ज्ञ शिल्लक होते. पण आकड्यांपेक्षा हे बरं. विंडोजवाले आठावरून थेट दहावर गेले. आमच्या शाळेत पाढा असा म्हटला असता तर मास्तरांनी नववा अंगठे धरून म्हणायला लावला असता.

झाऱ्याच्या अटी तेवढ्यात वाचल्या. दोन जीबी रॅम, चार असेल तर बरं. वीस जीबी जागा, शंभर असेल तर बरं. टीपीएमचं नाव नाही, पिढीची चौकशी नाही. सवयीने मी पुढचं पान उलटून पाहिलं. तिथेही काही नव्हतं. मला उगीचच संशय आला.

मला सगळ्यात आवडलं ते हे की इथे आधी चाखून बघता येतं. तीनेक जीबीची फाइल उतरवायची, पेन ड्राइव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या डिस्कला हातही लागत नाही. पडदा दिसतो का, आवाज येतो का, वायफाय लागतं का, सगळं बघून घ्यायचं. पसंत पडलं तर इन्स्टॉल, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा आणि कांदेपोह्यांबद्दल आभार मानायचे. लग्न ठरवण्याच्या बाबतीत ही सोय आपल्याकडे असती तर किती घरं... जाऊ द्या, ही आत आहे.

पडदा दिसला. आवाज आला. स्कॅनरसुद्धा ओळखला, जो मीही ओळखला नसता, इतकी त्यावर धूळ होती. वायफायचा छोटा डोंगल तेवढा गप्प. भाच्याने कारण सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. विंडोजवर बऱ्याच उपकरणांबरोबर त्यांचा ड्रायव्हर वेगळा येतो, पाहुण्याबरोबर पथ्याचा डबा यावा तसा. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, आतच असतात. जो येईल त्याला ताट तयार. झाऱ्यात ६.१४ क्रमांकाचं कर्नल आहे, म्हणजे उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सच्या ज्या पायावर ती उभी आहे, त्याच्या मूळच्यापेक्षा बरंच नवं. त्यामुळे इथलं गणित उलटं पडतं. जुनं यंत्र मुकाट्याने चालतं, आणि परवा बाजारात आलेलं चकचकीत यंत्र अडतं, कारण त्याचं ताट अजून मांडलेलं नसतं. काही चिपवाले मात्र आपला मसाला कोणाला दाखवत नाहीत. त्यांचं तयार पुडकं वेगळं घ्यावं लागतं. त्यासाठी 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाची खिडकी आहे. मोबाइलला केबल लावून त्याचं इंटरनेट घेतलं, खिडकीत एका ओळीपुढे ठिपका दिला, चालू-बंद केलं, आणि डोंगल बोलू लागला. सातव्या पिढीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग इन्स्टॉल केलं. पंधरा मिनिटं लागली. माझी यावर तक्रार आहे. इतक्या मोठ्या निर्णयाला निदान एक दुपार लागायला हवी.

'नवं काय' या मथळ्याखालची यादी मी चहा घेऊन बसून वाचली. लॉगिनच्या पडद्याची पार्श्वभूमी आता धूसर करता येते. चष्मा न लावता मला ती पूर्वीपासून तशीच दिसते. चिकटचिठ्ठ्यांचे कोपरे गोल केले आहेत. विंडोज ११ मध्येही खिडक्यांचे कोपरे गोल झाले आहेत. कोट्यवधी रुपये आणि जगातले हुशार इंजिनिअर, दोन परस्परविरोधी पंथ, आणि दोघांचं एकमत कशावर, तर कोपऱ्यावर. बाकी स्टार्टचं बटण विंडोज ११ ने डाव्या कोपऱ्यातून उचलून मध्ये नेलं; झाऱ्यात ते डावीकडे खालीच आहे. तीस वर्षं माझा हात तिथे जातो. उंबरठा हलवू नये, एवढंच माझं त्यावर म्हणणं.

माझ्या फायलींनी मात्र रडवलं. मराठी माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये दोन मराठ्या नांदतात. एक युनिकोडातली आणि एक त्याच्या आधीची, जिच्यात पडद्यावर देवनागरी दिसायचं पण खाली रोमन अक्षरांचे आकडे असायचे. फॉन्ट सोबत असेपर्यंत सोंग टिकतं. मी फायली उचलल्या आणि फॉन्ट विसरलो. आमच्या आजोबांवर लिहिलेला चाळीस पानांचा लेख उघडला तर आजोबांच्या जागी कंस, अवतरणं आणि टक्क्यांची चिन्हं. आजोबा व्याजाने पैसे द्यायचे, त्यामुळे टक्क्यांपर्यंत बरोबर होतं. फॉन्ट आणून टाकला तेव्हा ते परत आले. युनिकोडातला मजकूर नीट उघडला. फक्त 'मंगल' मायक्रोसॉफ्टचा, तो इथे नाही, म्हणून दुसरा फॉन्ट लागला आणि सोसायटीचा अहवाल बेचाळीस पानांवरून पंचेचाळीसवर गेला. सेक्रेटरींना वाटलं, मी भर घातली.

आता प्रिंटर. झारा म्हटल्यावर झारीतला शुक्राचार्य आलाच. त्याच्या कंपनीचं नाव घेत नाही. तो लहान, पांढरा, स्वस्त लेझर प्रिंटर असून निम्म्या महाराष्ट्राच्या झेरॉक्सच्या दुकानांत तसला एक तरी असतो. असल्या प्रिंटरांना स्वतःची अक्कल दिलेली नसते. पान कसं उमटायचं याचा सगळा विचार कॉम्प्युटरने करून द्यायचा आणि यांनी फक्त शाई ओढायची. तो विचार करणारा प्रोग्राम कंपनीचा स्वतःचा, जुना, आणि कंपनी तो विसरलेली. आजकालचे बरेच नेटवर्क प्रिंटर ड्रायव्हरशिवायच लिनक्सशी बोलतात. हा त्यातला नव्हे. ही म्हणाली होती, "भाजणीचं प्रमाण छापून दे, थोरल्या जावेला हवंय." मी आज्ञा दिली. पडद्यावर प्रिंटर दिसला, पान रांगेत गेलं. कागद हलला नाही. पुन्हा दिली. पाच दिवसांत मी मधूनमधून, कधी आशेने तर कधी रागाने, अकरा वेळा आज्ञा दिली.

भाचा दिवाळीला आला. रविवारी रात्री दोनपर्यंत टर्मिनलच्या काळ्या खिडकीत बसून त्याने कुठून कुठून तुकडे गोळा करून ड्रायव्हर बसवला, आणि आम्ही झोपलोय म्हणून न सांगता, बोर्डाचं बटण बंद करून झोपला. प्रिंटरची पिन आणि आकाशकंदिलाची पिन एकाच बोर्डावर आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर वेगळ्या बोर्डावर, तो बिचारा चालूच. नरक चतुर्दशीच्या पहाटे साडेचारला मी अंगाला उटणं फासून, पंचावर, आकाशकंदील लावायला बोर्डाचं बटण दाबलं. बाहेर कंदील उजळला आणि आत शुक्राचार्यांनी डोळा उघडला. भाजणीच्या प्रमाणाच्या अकरा प्रती एकामागून एक बाहेर आल्या. ही म्हणाली, "कारीट फोडायच्या आधी हा फुटला." आता आमच्या सगळ्या जावांकडे, नणंदांकडे आणि खालच्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांकडे प्रमाण आहे. चकल्या मात्र कोणाच्याच हिच्यासारख्या झालेल्या नाहीत.

एक गोष्ट राहिली. झाऱ्यात 'फिंगविट' नावाचं नवं साधन आहे. बोटाचा ठसा दिला की पडदा उघडतो. ते शहाणंही आहे. जिथे ठसा पुरणार नाही, उदाहरणार्थ होम फोल्डर कुलूपबंद असेल, तिथे आपण होऊन पासवर्ड मागतं. मी ठसे वाचणारं यंत्र घेतलेलं नाही. गेल्या नोव्हेंबरात बँकेच्या यंत्रावर माझा अंगठा चार वेळा लागला नाही. छत्तीस वर्षं फायलींची पानं उलटून तो गुळगुळीत झालाय. शेवटी कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं आणि सही घेतली.

झाऱ्याला दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळणार आहेत, असं मिंटवाल्यांनी जाहीर केलं आहे. मी येत्या सोमवारी बँकेत जातोय.